रणातल्या पाण्याची नोटीस

आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी एक काळा फळा आहे. लिफ्ट सारखी बंद पडते, फळा कधी बंद पडत नाही. त्यावर रोज संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी उद्याच्या पाण्याची नोटीस लिहितात. हे सेक्रेटरी म्हणजे माझा नवरा. साकीनाक्याच्या कारखान्यातली सुपरवायझरची ड्यूटी संपवून तो मुलुंडला येतो, घरात शिरण्याआधी खडू हातात घेतो आणि सगळ्या बिऱ्हाडांना उद्याचं भविष्य सांगतो.

"उद्या पाणी फक्त वीस मिनिटे येईल. बादल्या आधी धुऊन ठेवाव्या. नळ सोडून फोनवर बोलत बसू नये. मागच्या वेळी कोण बसले होते ते सर्वांना माहीत आहे."

नोटिशीत शेवटी कुणाला तरी झापलं नाही, तर ती त्याला अपुरी वाटते. लग्नपत्रिकेत आहेराबद्दल ओळ असते तशी ती झापायची ओळ ठरलेली.

आता खरी गोष्ट अशी, की पाणी वीस मिनिटं येत नाही. चांगलं चाळीस मिनिटं येतं. नवऱ्याला हे ठाऊक असतं, कारण पंप त्याच्याच हुकमाने चालू-बंद होतो. पण "चाळीस लिहिलं की लोक नळ मोकळे सोडून गप्पा मारतात" हा त्याचा सिद्धांत. गिरणीत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा घाटकोपरच्या चाळीत एका नळावर वाढला. पाणी आहे हे कबूल करणं त्याला अजूनही धोक्याचं वाटतं. बिल्डिंगनेही त्याला कधी तोंडावर खोटारडा म्हटलं नाही. सगळ्यांनी गुपचूप हिशेब बसवून घेतला: सेक्रेटरी म्हणतील त्याच्या दुप्पट. हा हिशेब कधीतरी त्याच्याही कानावर गेला, म्हणून मध्येच तो पंधरा लिहायला लागला. मग लोक तिप्पट धरू लागले.

फसतात ते नवीन भाडेकरू. मागे बोरिवलीहून एक तरुण जोडपं राहायला आलं. त्यांनी फळा वाचला आणि खरा मानला. बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला, वॉशिंग मशीन भरलं, बर्फाचे ट्रे भरले, आणि वीस मिनिटांनी दोघं घामाघूम होऊन खाली बसले. नळ चालूच. मुलगी धावत माझ्याकडे आली, "काकू, आमचा नळ बंदच होत नाहीये, काहीतरी लोचा झालाय." मी तिला आत बसवून चहा दिला आणि बिल्डिंगचा हिशेब समजावला.

फक्त एकदा हा हिशेब चालला नव्हता. काही वर्षांपूर्वी कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटली आणि दोन दिवस खरोखर थेंब आला नाही. त्या दिवशी नवऱ्याने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. लिफ्ट बंद होती. तो जिने चढत एकेका दारावर गेला, बेल वाजवली आणि हळू आवाजात म्हणाला, "आज खरंच नाही हो. जरा जपून." कुणाला बोल लावला नाही, मागच्या वेळचं काढलं नाही. लोक घाबरलेच. असा गोड बोलणारा सेक्रेटरी त्यांनी पाहिलाच नव्हता.

हे सगळं सांगायचं कारण, मागच्या हिवाळ्यात मी कच्छच्या रणाच्या कडेने चालत गेले. मुलुंडच्या फळ्याचा आणि कच्छच्या रणाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही निघताना तसंच वाटलं होतं.

घाटकोपरला शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना ते रविवारी चालायला नेतात. आधी बोरिवलीचं नॅशनल पार्क, मग येऊरचा डोंगर, असं करता करता त्यांनी एकदा नकाशा काढला आणि म्हणाले, "रण!" दहा-बारा मुक्काम, पाठीवर सामान, आणि मधल्या वाटेला ना दुकान ना नळ. गावची तळी, गुरांसाठी बांधलेले हौद, एखादी विहीर, जिथे जे मिळेल ते गाळून, क्लोरीनची गोळी टाकून प्यायचं. गाडी फक्त दोन-तीन ठिकाणी भेटणार, जिथे वाट डांबरी रस्त्याला लागते तिथे.

मी हात वर केला. घरी येऊन सांगितलं तेव्हा नवरा भेंडी चिरत होता.

"रणात? चालत?"

"हो."

"का गो? मुलुंडात ऊन पडत नाय?" घाबरला की त्याची भाषा मालवणला जाते. मग सुरी खाली ठेवून म्हणाला, "आणि तुझा गुडघा?"

गुडघा हा आमच्या घरातला तिसरा माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी तो सुजला, आणि तेव्हापासून माझ्याबद्दल कुठलीही गोष्ट ठरवायची तर आधी त्याचा विचार घेतला जातो. लग्नाला जायचं तर गुडघा काय म्हणतो, सिनेमाला जायचं तर खुर्च्या कशा आहेत. मी या गुडघ्याला मनापासून कंटाळले होते. मला एकदा काहीतरी अख्खं चालायचं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधला एकही तुकडा गाडीत न बसता. बाकी मला ना फोटो हवे होते ना पदक.

मग तयारी सुरू झाली. पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि लिफ्ट चालू असताना मुद्दाम जिने चढायचे. बिल्डिंगमधले लोक दारं किलकिली करून बघायचे. वर गच्चीत पोचल्यावर मी बाटल्या तुळशीत रिकाम्या करायची, तर एकदा नवरा मागून ओरडला, "अगं, ते पाणी खाली घेऊन ये! पिंपात ओत!" म्हणजे पाणी वर नेलं तेही मी आणि खाली आणलं तेही मीच. गुडघ्याला याचा फायदा झाला असावा, कारण महिन्याभरात तो बोलेनासा झाला.

आमच्या बिल्डिंगमधून आणखी दोघं निघाले. एक तिसऱ्या मजल्यावरची माझी कच्छी शेजारीण. तिचं माहेर तिकडचंच. ती तीन डबे थेपले आणि पाण्याचा भलामोठा कॅन घेऊन स्टेशनवर आली. "भाभी, आमच्या गावचा पाणी एकदम खारा. चहाचा दूध फाटून जाते. म्हणून आपला मुलुंडचा घेतला." सरांनी तो कॅन जागेवरच रिकामा करायला लावला. तेव्हा तिने प्लॅटफॉर्मवरच्या सगळ्यांना आग्रहाने पाणी पाजलं, हमालालासुद्धा.

दुसरे तळमजल्यावरचे काका, बँकेतून रिटायर झालेले. फळ्यावरचं "मागच्या वेळी कोण" म्हणजे बहुतेक वेळा हेच. पाण्याच्या वेळेला ते नळी लावून स्कूटर धुतात, आणि माझा नवरा वरून बघतो. दोघं एकमेकांना अनेक वर्षं "नमस्कार" एवढंच म्हणतात, आणि तेही दात आवळून.

निघायच्या दिवशी नवरा स्टेशनवर आला होता. माझ्या पिशवीचा पट्टा उगाच दोनदा घट्ट केला आणि कानाशी येऊन म्हणाला, "दुखायला लागलं तर गाडीत बस. कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हटलं.

एक काम मात्र त्याने आधीच स्वतःहून मागून घेतलं होतं, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

सरांनी आमच्या दोन तुकड्या केल्या होत्या. पहिली तुकडी दोन दिवस पुढे, आम्ही मागे. पहिल्या तुकडीने वाटेतलं पाणी बघायचं आणि फोनला रेंज आली की मुंबईत एका माणसाला कळवायचं. त्या माणसाने ते आम्हाला मेसेज करायचं, म्हणजे आम्ही कुठल्याही टेकाडावर चढून रेंज पकडली की पुढचं पाणी कळणार. मुंबईतला माणूस एकच हवा, म्हणजे गोंधळ नको, असं सरांचं म्हणणं. "या कामाला कोण?" असं सरांनी विचारलं, तेव्हा माझा नवरा म्हणाला, "मी. पाण्याचं मला कळतं." सर घाटकोपरचे. त्यांना फळ्याची काहीच कल्पना नव्हती. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी शेजारणीकडे, आणि तिने मीटिंगला आणलेल्या थेपल्यांकडे.

चालणं सुरू झालं. रण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वाळूचे डोंगर होते, पण इथे जमीन पोळपाटासारखी सपाट. कुठे मिठाची पांढरी खपली, पाय टाकला की कुरकुर वाजणारी, कुठे नुसता करडा चिखल वाळून भेगाळलेला. सावली म्हणाल तर वेड्या बाभळीची, आणि तिचे काटे बुटाच्या तळव्यातून वर येऊन विचारपूस करायचे. सकाळी दात वाजावेत अशी थंडी आणि दुपारी डोक्यावर तवा. सर पुढे शिटी वाजवत चालायचे. आम्हाला ती शिटी शाळेतल्यासारखी वाटायची, आणि दोन जण खरंच रांगेत उभे राहायचे.

दुसऱ्या दिवशी टेकाडावर पहिला मेसेज आला. सरांनी मोठ्याने वाचला.

"पुढच्या हौदात पाणी फार थोडे. जेमतेम प्यायला पुरेल. तोंड धुण्यासाठी वापरू नये. बाटली आतून धुतली नसेल तर आता सांगून उपयोग नाही."

सर गंभीर झाले. पाणी मोजून प्यायला लावलं. आम्ही कोरड्या घशाने हौदाशी पोचलो, तर हौद काठोकाठ भरलेला. दोन म्हशी त्यात मानेपर्यंत बुडून रवंथ करत होत्या.

सर हौदाकडे बघत उभे राहिले. "अहो, हे काय?"

काकांनी टोपी काढली आणि खुशीत येऊन सांगितलं, "सर, ह्या माणसाचं असंच असतं. तो म्हणेल त्याच्या दुप्पट धरायचं. 'फार थोडे' म्हणजे भरपूर. 'जेमतेम' म्हणजे पोहता येईल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याची बाजू घ्यावी असं मनात आलं, पण म्हशीने त्याच वेळी फुर्रकन पाणी उडवलं. मी मान डोलावली. त्या दिवशी सगळ्यांनी तोंडं धुतली, काकांनी तर पायसुद्धा.

मग तो खेळच होऊन बसला. "विहिरीला तळाशी पाणी आहे, दोर लागेल, उगाच उपसू नये" असा मेसेज आला की काका जाहीर करायचे, "हाताने निघेल!" आणि खरंच हाताने निघायचं. "पाणी गढूळ, बेडूक आहेत, नाजूक माणसांनी बघू नये" म्हणजे स्वच्छ पाण्यात एक बेडूक. आमच्या चुलीवर खाऱ्या पाण्याचा चहा फाटायचा, शेजारीण "सांगितलेला ना मी" म्हणायची, आणि फाटक्या चहाबरोबर आम्ही सेक्रेटरींच्या ताज्या मेसेजवर हसायचो. सगळ्यांत जास्त मीच हसायची. एवढ्या लांब येऊनही तो माणूस मला फळ्यावरून झापतच होता. खरं सांगायचं तर त्या उजाड जागी मला ते बरं वाटायचं.

गुडघाही गप्प होता. निम्म्याहून जास्त वाट मागे पडली होती, आणि एकही तुकडा सुटला नव्हता. एका ठिकाणी गाडी भेटली, ड्रायव्हरने दार उघडून "बेसो बेन" म्हटलं, तेव्हा मी त्याच्या गाडीला एक प्रदक्षिणा घालून पुढे गेले.

नंतरचा टप्पा सगळ्यात अवघड होता. अख्खा दिवस बिनपाण्याचा, संध्याकाळी एक मोठं तळं, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारपर्यंत काही नाही. पाठीवर एका दिवसाचंच पाणी मावतं, म्हणजे सगळी भिस्त त्या तळ्यावर. तळं नसेल तर बाजूच्या गावात जायचं, तिथून टेम्पोने वळसा घालून पुढच्या मुक्कामाला पोचायचं. म्हणजे तेवढा टप्पा चालायचा राहिला. नंतर येऊन चालू म्हणायचीही सोय नव्हती, कारण परतीची तिकिटं काढलेली.

सकाळी आम्ही त्या गावाच्या फाट्यावरच्या टेकाडावर चढलो. सरांचा फोन वाजला.

"पुढच्या तळ्यात पाणी नाही. सांभाळून या."

एवढंच.

"नाही म्हणजे अर्धं!" काका ओरडले. सगळे हसले. शेजारीण पिशवी खांद्यावर चढवत म्हणाली, "चला, आज तोंड धुवायला भेटणार." सरसुद्धा आता हिशेबात तरबेज झाले होते. "पाणी फार थोडं म्हणाले तेव्हा म्हशी डुंबत होत्या," ते म्हणाले. "पाणी नाही म्हणतात तर निदान घोट्यापर्यंत तरी असेल. काय वहिनी?"

मी फोन हातात मागून घेतला आणि परत वाचला. मग परत एकदा. झापायची ओळ कुठे आहे ते मी शोधत होते. 'करू नये' नव्हतं. 'मागच्या वेळी' नव्हतं. बाटली धुण्यावरून टोमणा नव्हता. हा फळ्याचा आवाज नव्हता, हा जिना चढून दाराशी आलेला आवाज होता.

मी फोन लावला. एक रिंग गेली, "हॅलो, हॅलो" एवढं त्याचं ऐकू आलं, आणि रेंज गेली. परत लागलाच नाही.

आता मी गप्प बसले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. सगळी माणसं त्या तळ्याकडे जायला एका पायावर तयार होती, आणि सगळ्यात जास्त मला जायचं होतं. समोर वाट सरळ दिसत होती, पांढरी, सपाट, गुडघ्याला गोड लागणारी. उजवीकडे खाली गाव होतं आणि त्या गावात टेम्पो. मला नवऱ्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं खोटं लिहिलंस, आणि खरं लिहायला तुला नेमका हाच दिवस सापडला?

"सर," मी म्हटलं, "पाणी खरंच नाहीये."

"वहिनी, तुमचे मिस्टर नेहमीच..."

"नेहमी झापतात. आज झापलं नाही. आज ते घाबरलेत."

काका म्हणाले, "अहो, विसरले असतील!"

"काका, तुम्ही ह्यांना किती वर्षं ओळखता? तुम्हाला झापायला ते कधी विसरलेत?"

काकांना बहुधा पाइपलाइन फुटली तो दिवस आठवला असावा, कारण ते हळूच म्हणाले, "माझ्याही दारावर आला होता तो तेव्हा. मला 'अहो' म्हणाला होता." मग स्वतःच पिशवी उचलून गावाच्या दिशेने उतरायला लागले.

टेम्पोत आमच्याबरोबर सहा शेळ्या होत्या. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही मागे. टेम्पो सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. शेजारणीने विचारलं, "भाभी, गुडघा दुखतो?" मी "हो" म्हटलं. गुडघा अगदी ठणठणीत होता. एक शेळी माझ्या पिशवीचा पट्टा चावत होती, तोच, नवऱ्याने दोनदा घट्ट केलेला, आणि मी तिला हाकललंसुद्धा नाही.

पुढच्या मुक्कामाच्या गावात पहिली तुकडी अजून तिथेच होती. ते लोक त्या तळ्यावर पोचले तेव्हा तिथे नुसता भेगाळलेला चिखल होता आणि मधोमध एक उलटी पडलेली चप्पल. रात्रभर ओठ ओले करत त्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी गावात पोचता पोचता एक बाई वाटेत कोसळल्या. त्यांना सलाईन लावून अंगणातल्या खाटेवर निजवलं होतं. त्यांचा चेहरा बघितल्यावर आमच्यातलं कुणी हसलं नाही. सरांनी शिटी खिशात घातली ती त्या संध्याकाळी बाहेर काढली नाही. काका पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यापाशी आले, तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "सेक्रेटरींना नमस्कार सांगा." या वेळी दात आवळलेले नव्हते.

उरलेली वाट मी चालून पुरी केली. शेवटच्या गावात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हार घातले, फोटो काढले. मीही हसले. पण माझी वाट मधोमध तुटली होती, आणि ते मला एकटीलाच सलतंय असं मी समजत होते.

घरी आले तर नवरा त्या दिवसाबद्दल अक्षर बोलला नाही. "पाय दाखव" म्हणाला, काट्यांच्या जखमा बघितल्या, हळद लावली. "टेम्पोत शेळ्या होत्या म्हणे," एवढंच पुटपुटला. मीही फुगूनच होते, म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकी दूध घेऊन येताना भेटल्या. काकांची बायको. मला जिन्यातच थांबवून म्हणाल्या, "अगं, तुझ्या नवऱ्याला बरं आहे ना? त्या दिवशी सकाळी दारात उभे. कामावर गेले नव्हते. म्हणाले, 'आज खरंच नाही हो.' मी म्हटलं, अहो, नळाला तर धो-धो आलंय! तर म्हणाले, 'इथलं नव्हे, तिकडचं.' आणि गेले की वर, दुसऱ्या दाराला."

तो सगळ्या दारांना गेला होता. लिफ्ट बंद, जिने चढून, प्रत्येक बेल वाजवून त्याने अख्ख्या मुलुंडच्या बिल्डिंगला कळवलं होतं, की कच्छमधल्या एका तळ्यात पाणी नाही. बोरिवलीच्या त्या मुलीने म्हणे घाबरून पुन्हा बर्फाचे ट्रे भरले. मी तिथेच पायरीवर बसले आणि हसता हसता रडले. काकींना वाटलं, आमच्या घरातले दोघंही गेले कामातून.

त्यानंतरच्या रविवारी नवऱ्याने मला सकाळी सकाळी उठवलं. पाठपिशवी भरलेली, पट्टा शेळीने चावलेल्या जागी शिवलेला.

"बूट घाल."

"कुठे?"

"राहिलेला तुकडा. मुलुंड ते ट्रॉम्बे. मी सरांकडून अंतर विचारून घेतलंय, बसतं बरोबर." मग जरा घुटमळून, "मिठागरं पण लागतात वाटेत. अगदी रण नाही, पण खारं आहे."

तो स्कूटरवर पाण्याचा कॅन घेऊन पहिल्या तुकडीसारखा पुढे गेला आणि मी हायवेच्या कडेने चालू लागले. भांडुप-कांजूरच्या मिठागरांवर ऊन चढलं होतं, पांढरं, डोळ्यांवर येणारं. दुसऱ्या बाजूने टँकर अंगावर धूळ उडवत जात होते. फोन वाजला. "पुढे विक्रोळीला पाणी फार थोडे. घटाघटा पिऊ नये. रस्ता बघून चालावे, फोन नंतर बघावा." विक्रोळीला तो अख्खा कॅन घेऊन उभा होता. मी पाणी प्याले, तो झाकण लावून पुढे गेला. घाटकोपरलाही तेच, चेंबूरलाही तेच. गुडघा मानखुर्दनंतर कुरकुरायला लागला. मी त्याला मनातल्या मनात सांगितलं, आता गप, एवढंच राहिलंय.

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात शिरले तेव्हा मासळी निवडत बसलेल्या एका बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पाठपिशवी, काठी, मिठाने पांढरे झालेले बूट. "कुठशी आलीस गं?"

"मुलुंडहून. चालत."

"का, बसी बंद हायत?"

जेट्टी समोर दिसत होती. टोकाला माझा नवरा, शेजारी स्कूटर, स्कूटरवर कॅन. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तो मला हाक मारू शकला असता, एवढ्या जवळ होता. पण त्याने मेसेजच केला होता.

"पाणी भरपूर आहे. तोंड धुवायला हरकत नाही."

मी जेट्टीच्या टोकापर्यंत चालत गेले, ओंजळ पुढे केली, आणि त्याने कॅन पूर्ण तिरका केला.